रुमालाखालचा भाव

वऱ्हाडातल्या कारंज्याच्या एका जुन्या पेढीवर, तक्क्याला टेकून बसलेल्या, ऐंशी केव्हाच उलटलेल्या एका निवृत्त दलालांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, खांद्यावरचे उपरणे त्या दोन्ही हातांवर टाकले, आणि माझी दोन बोटे किंचित दाबून, क्षणभर थांबून, मग सगळा पंजा आवळून विचारले, "सांगा बरं भाऊ, किती झाले?" मला अर्थातच काही सांगता आले नाही. "तुम्ही खरेदीदार अन् मी दलाल असं समजा," ते म्हणाले, "ज्याची गाडी बाहेर उभी आहे तो इथंच समोर बसला आहे. आपल्या दोघांचे चेहरे पाहून राहिला. अन् त्याला दिसते काय, तर उपरणं." हा खेळ त्यांना वडिलांनी शिकविला होता, प्रत्यक्ष व्यवहारात तो त्यांनी कधी केला नाही, कारण ते पेढीवर बसू लागले तोवर कायद्याने तो बंद झालेला होता.

या पद्धतीला हत्ता म्हणत. कापसाची गाडी पेठेत आली म्हणजे शेतकरी ती अडत्याच्या दुकानापुढे सोडी, आणि ज्या अडत्याने त्याचा माल विकायचा त्यानेच बहुधा त्याला पेरणीच्या वेळी उचल दिलेली असे. भाव ठरे तो उपरण्याखाली किंवा रुमालाखाली, वजन होई ते अडत्याच्याच तराजूवर, आणि शेवटी जी हिशेबपट्टी हाती पडे तीत अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, नमुना, धर्मादाय, गोरक्षण अशा रकमा एकीखाली एक उतरत जाऊन तळाशी जे उरे त्यालाच शेतकऱ्याचे उत्पन्न म्हणण्याची वहिवाट होती. त्या साऱ्या व्यवहारात सरकारचा एक शिपाईदेखील नव्हता. कोणी कोणाला बळजबरीने तेथे आणले नव्हते, भाव दोन पक्षांच्या संमतीने ठरत होता, आणि भाव पसंत नसेल तर गाडी परत जुंपून नेण्याची शेतकऱ्यास पूर्ण मुभा होती. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मुक्त बाजाराची जी लक्षणे सांगितलेली असतात त्यांतील बहुतेक या पेठेत सापडतील. फक्त ज्याचा माल त्याला भाव दिसत नव्हता, एवढेच.

हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली याच कारंज्यात, हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटाच्या हुकुमाने स्थापन झाला. वऱ्हाड त्या वेळी मुलूख निजामाचा आणि अंमल इंग्रजांचा, अशा द्विविध अवस्थेत १८५३ पासून होते. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि नंतरच्या काळात या देशात बाजार समितीचे जेवढे म्हणून कायदे झाले ते सारे थोड्याफार फरकाने त्याचेच वंशज होत. परंतु हा उपद्व्याप शेतकऱ्याच्या कळवळ्यातून झाला असे कोणी समजू नये. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या तेव्हा त्यांची दृष्टी वऱ्हाड-खानदेशाकडे वळली; पण इकडून जो कापूस जाई त्यात सरकी, माती आणि पाणी यांची भेसळ इतकी असे की गिरणीवाल्यांनी सरकारकडे तक्रारींचा ओघ लावला, आणि १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीस आळा घालण्यासाठी खास कायदा करावा लागला. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला व त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, ते काही खामगावच्या हवापाण्यासाठी आले नव्हते.

या हकिकतीतली गंमत अशी की, ही सारी आरडाओरड ज्या मँचेस्टरमधून होत होती, ते शहर म्हणजे मुक्त व्यापारपंथाची काशी. धान्यावरील जकातीविरुद्ध कॉब्डेनप्रभृतींनी जी मोहीम केली तिचे मूळपीठ ते, आणि मुक्त व्यापाराच्या नावाने भव्य सभागृह बांधून त्या तत्त्वाला देव्हाऱ्यात बसविणारेही तेच. सरकारने व्यापारात हात घालू नये, हे सूत्र त्यांनी जगाला शिकविले. परंतु गासडीत माती निघाली तेव्हा सरकारला हाक मारण्यास त्यांना एक दिवसही लागला नाही. मी त्यांना दोष देत नाही. फसविला गेलेला मनुष्य, मग तो कोणत्याही पंथाचा असो, प्रथम तराजू तपासणाऱ्यालाच शोधतो.

म्हणून 'सरकारी नियमन हवे की नको' या नावाने गेली कित्येक वर्षे सभांतून आणि वृत्तपत्रांतून जो वाद रंगतो, तो मला नेहमी चुकीच्या चौकात उभा राहून घातल्यासारखा वाटत आला आहे. बाजारात सरकारची दोन निरनिराळी रूपे वावरत असतात. एक रूप तराजूपाशी उभे राहते, लिलाव उघड्यावर करावयास लावते, पट्टीवरील कपात तपासते, आणि हे सर्व पेरणीपूर्वीपासून सर्वांस ठाऊक असते. त्याला नियम म्हणावे. दुसरे रूप माल तयार होऊन बाजारात आल्यावर अवतरते, एका रात्रीत भावाला हात घालते, आणि पुन्हा केव्हा येईल याची कोणासच कल्पना नसते. त्याला हुकूम म्हणावे. या दोघांना एकाच शब्दाच्या टोपलीत भरले की नियमाचे शत्रू हुकुमाची उदाहरणे देतात, हुकुमाचे कैवारी नियमाची पुण्याई सांगतात, आणि वाद चिरकाल चालू राहतो.

आमच्याकडे ही दोन्ही रूपे इंग्रजांच्या आधीपासून होती. नवी पेठ वसली की तिथे शेटे-महाजनांचे वतन असे, आणि पेशवाईत पुण्याचा कोतवाल जिनसांचा निरख, म्हणजे बांधील दर, ठरवून देई. त्याहून आधी, १६७१ साली, शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाविषयी जे पत्र पाठविले ते राज्यकर्त्याच्या व्यापारबुद्धीचा नमुना म्हणून आवर्जून पाहावे असे आहे: पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात, तेव्हा त्यावर अशी भारी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, नाहीतर आपली बंदरे बुडतील, असा त्याचा आशय आहे. परक्याच्या मालावर जकात आणि आपल्या उत्पादकाची राखण, असा तो हिशेब होता. हे पत्र मी लासलगावच्या बाजारात उभा असताना आठवले, कारण तेथे मी नेमक्या उलट्या जकातीची हकिकत ऐकत होतो: आपल्याच मालावर, तो बाहेर जाऊ नये म्हणून बसविलेल्या.

लासलगाव हे मध्य रेल्वेवर नाशिक व मनमाड यांच्यामधले, निफाड तालुक्यातले गाव; भाभा अणुसंशोधन केंद्राचा, विकिरणाने शेतमाल टिकविण्याचा 'कृषक' प्रकल्प येथेच आहे. पण गावाची कीर्ती कांद्याच्या बाजारपेठेची, आणि ती पाहावयाची तर सकाळी लवकर जावे. श्रावणातल्या एका सकाळी मी गेलो तेव्हा आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या एकीमागे एक अशा रांगेत लागलेल्या होत्या, रात्री येऊन ट्रॉलीतच निजलेली माणसे चुळा भरीत होती, आणि हवेत ओलसर सालपटांचा तो किंचित गोडसर, किंचित उग्र वास भरून राहिला होता जो मागाहून दोन दिवस कपड्यांतून जात नाही. लिलाव सुरू झाला. पंधरा-वीस व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, एकजण हात कोपरापर्यंत ढिगात खुपसून आतला कांदा वर काढतो, कारण वर मांडलेल्या मालावर बाजारात कोणाचाच विश्वास नसतो, दुसरा एक कांदा मुठीत दाबून पाहतो, पत्ती सुटली आहे काय, मान पोचट आहे काय हे बघतो, आणि समितीचा कर्मचारी पुकारू लागतो, "बाराशे, साडेबाराशे, बाराशे ऐंशी, तेराशे, तेराशे दहा..." आणि मिनिट पुरे होण्याच्या आत सौदा तुटून चिठ्ठी शेतकऱ्याच्या हाती येते व घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार महिन्यांची लागवड, चार महिने कांदाचाळीत केलेली राखण, आणि शेवटी हे एक मिनिट. परंतु ते उघड्यावरचे मिनिट आहे, ट्रॉलीवर उभा असलेला तिचा मालक प्रत्येक आकडा कानांनी ऐकत असतो, आणि कारंज्याचे उपरणे पाहून आलेल्या मला त्या मिनिटाची किंमत थोडी अधिक कळली असावी.

उपरणे गेले म्हणून सगळे सुटले, असे मात्र नाही. लिलावानंतर ट्रॉली भुईकाट्यावरून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, आणि तेथे माल ओतताना कधीकधी व्यापारी वांधा काढतो: खाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, फार आहे, माल ओला आहे, भावात शंभर कमी करा. ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असताना शेतकरी काय करणार? समितीकडे तक्रार करण्याची तजवीज कायद्यात आहे. पण तेवढ्यासाठी भाड्याचा ट्रॅक्टर दिवसभर अडकवून ठेवणे परवडत नाही, हेही तितकेच खरे. मुंबई इलाख्याचा १९३९ चा कायदा आणि मग महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा यांनी बाजार समिती निवडणुकीने चालविली, तीत शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांना, हमाल-मापाड्यांना प्रतिनिधित्व दिले, परवान्याशिवाय खरेदीस मनाई केली. हेतू चोख होता. परंतु परवाना ही अशी वस्तू आहे की जी मिळेपर्यंत माणूस नियमनाचा टीकाकार असतो आणि मिळाल्यावर त्याचा खंदा रक्षक होतो. आवाराबाहेर विकण्यास मनाई आणि आवारात मोजकेच खरेदीदार, अशा स्थितीत उघड लिलावसुद्धा ओळखीच्या चार माणसांची बैठक होऊ शकते. व्यापारी एकत्र जमले की बोलणे ग्राहकाविरुद्धच्या संगनमताकडे वळते, असे ज्याने बजावले तो ॲडम स्मिथ मुक्त व्यापाराचा आद्य आचार्य होता, हे त्याचे अनुयायी सोयीस्करपणे विसरतात. आणि समितीच्या सभापतिपदातून आमदारकीची वाट फुटते, हे नियमनाचे कैवारी विसरतात.

त्या बाजारात मला एक पन्नाशीचा शेतकरी भेटला. त्याच्या खिशात एक छोटी डायरी होती. तीत औषधफवारणीच्या, पाणी देण्याच्या, मजुरीच्या नोंदी होत्या, आणि त्यांच्यामध्येच, निराळ्या शाईने, दिल्लीच्या अधिसूचना लिहिलेल्या होत्या. २९ सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी. मार्च २०२०, उठली. १४ सप्टेंबर २०२०, पुन्हा बंदी. १ जानेवारी २०२१, उठली. मग १९ ऑगस्ट २०२३, चाळीस टक्के निर्यातशुल्क. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर. ८ डिसेंबरला पुन्हा पूर्ण बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून लावलेली आणि मग पुढे ओढलेली. ४ मे २०२४ रोजी उठली ती ५५० डॉलरच्या किमान मूल्यासह आणि चाळीस टक्के शुल्कासह. सप्टेंबरात शुल्क वीस टक्के. १ एप्रिल २०२५ पासून शून्य. "हे बघा सर," तो म्हणाला, "करपा कधी येतो ते आम्हाला आभाळाकडे बघून कळतं. हे कळत नाही." २०२३ च्या ऑगस्टात शुल्काचा हुकूम निघाला तो शनिवार होता, आणि सोमवारी बाजार उघडला तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले, मग सरकारने दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपये दराने घेण्याची घोषणा केली. डिसेंबरातल्या बंदीनंतर चांदवडला महामार्ग अडविला गेला. ते सर्व त्याच्या डायरीत नव्हते. पण त्याला तोंडपाठ होते.

सरकारची बाजू अगदीच लटकी आहे, असे मी म्हणणार नाही. कांदा भाजी आहे आणि भाजीतला मसालाही आहे, तो गरिबाच्या भाकरीबरोबर जातो, त्याला पर्याय नाही आणि आवक दहा टक्के घटली तरी भाव दुप्पट व्हावयास वेळ लागत नाही. १९९८ साली दिल्लीचे राज्य घालविण्यात कांद्याचा हात होता असे मानले जाते, आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार ऑक्टोबर-नोव्हेंबरचा महिना जवळ आला की बाजाराकडे त्या भीतीने पाहते. उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो, चाळीत ठेवला तर दिवाळीपर्यंत पुरतो, आणि नवा लाल कांदा येईपर्यंत जी फट पडते तीत पाऊस लांबला की शहरात हाहाकार उडतो. मीही शहरात राहतो. किलोला ऐंशी रुपये मोजताना मला निफाडच्या शेतकऱ्याची आठवण झाली होती असा दावा मी करणार नाही. परंतु भाव वर गेला की जे हुकूम धावत येतात, ते भाव पडला की कोठे जातात, हा त्या शेतकऱ्याचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. २०१८ च्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठविले. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात बार्शीच्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा किलोला एक रुपया दराने गेला, त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन त्याच्या हाती उरले २ रुपये ४९ पैसे. ती पट्टी छायाचित्रातून सर्वांनी पाहिली. कारंज्याच्या जुन्या पट्टीतला धर्मादाय तेवढा तीत नव्हता.

या प्रश्नावर ज्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही ते शरद जोशी. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघातली नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली, आणि १९८० साली कांद्याच्या भावासाठी रस्ता अडविणारे शेतकरी पाहून पुढाऱ्यांचे डोळे विस्फारले. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा की, शेतकरी दरिद्री आहे तो बाजारामुळे नव्हे तर सरकार त्याला बाजारात मोकळे सोडीत नाही म्हणून. सवलत नको, अनुदान नको, वाटेतून बाजूला व्हा. नव्वदीत जेव्हा बहुतेक शेतकरी नेते जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध मोर्चे काढीत होते तेव्हा ते एकटे त्याचे समर्थन करीत उभे राहिले, ही धिटाई मला त्यांच्या निष्कर्षांपेक्षाही मोठी वाटते. पण त्याच बाजारात पाठीवर पोते घेऊन जाणारा हमालही आहे, आणि त्याच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आला नसता तर त्याची मजुरीही रुमालाखालीच ठरली असती. मोकळ्या बाजाराच्या वकिलास ती हमाली म्हणजे पट्टीवरची एक ओझ्याची रक्कम दिसते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राला जो आक्षेप घेतला तो हाच होता: त्या शास्त्राने गृहीत धरलेला सुटा, स्वतंत्र, चढाओढ करणारा मनुष्य इकडे क्वचित सापडतो, इकडे करारापेक्षा जन्माने आलेले स्थान, आणि स्पर्धेपेक्षा संघ बलवत्तर आहेत.

नियंत्रण उठविण्याचाही एक प्रयोग या देशाने स्वातंत्र्य मिळताच करून पाहिला आहे. गोरवाला व धनंजयराव गाडगीळ यांचे भाव-मंडळ नियंत्रणाच्या बाजूचे. गांधीजींचा आग्रह ती उठविण्याचा. १९४७ च्या डिसेंबरात धान्यावरील नियंत्रणे सैल झाली, भाव भडकले, आणि पुढल्या वर्षाअखेर ती परत आणावी लागली. कोण बरोबर होते, यावर अजून दोन्ही बाजूंनी लेखणी चालते.

परंतु या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो २०२० चा सप्टेंबर महिना. त्या वर्षी जूनमध्ये अध्यादेश निघाला, की कांदा-बटाटा, डाळी, तेलबिया आता जीवनावश्यक वस्तूंच्या यादीतून सुटल्या, साठ्यावर मर्यादा फक्त असाधारण परिस्थितीतच येईल, आणि कांदा-बटाट्यावर तीही भाव दुप्पट झाले तरच. त्याचे विधेयक २२ सप्टेंबरला राज्यसभेत मंजूर झाले. त्याच्या आठ दिवस आधी, १४ तारखेला, कांद्याची निर्यात बंद करण्यात आलेली होती. आणि ऑक्टोबरच्या २३ तारखेला घाऊक व्यापाऱ्यास २५ टन व किरकोळीस २ टन अशी साठ्याची मर्यादा लागू झाली. एका हाताने शेतकऱ्याला स्वातंत्र्याची सनद द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने त्याच महिन्यात त्याची वेस बंद करावयाची, हे त्या काळच्या भाषणांत कोठेही विसंगत वाटले नाही. पुढे या आणि याच्या सोबतच्या दोन शेतीकायद्यांविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर वर्षभर आंदोलन झाले, सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली, तिन्ही कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. आणि ते शेतकऱ्याच्या हिताचे होते की अहिताचे हा वाद लासलगावात अजूनही दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत मी ऐकला. डायरीवाल्याचे मत असे होते की कायदा बरा होता, पण देणाऱ्यावर भरवसा नव्हता.

दुपारी तो मला आपली चाळ दाखवावयास घेऊन गेला. लोखंडी जाळीचे दोन लांबलचक कप्पे, खाली विटांच्या खांबांवर उचललेले, वर पत्र्याचे छप्पर. त्याने एका ठिकाणी हात घालून चार कांदे काढले, त्यांतले दोन मऊ निघाले, ते बांधावर फेकून दिले. एवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. गटात कोणी संदेश टाकला होता की बांगलादेश आयात उघडणार आहे. खाली दुसऱ्याने लिहिले होते, खोटे आहे. त्याखाली तिसऱ्याने कोणत्या तरी राज्याच्या निवडणुकीची तारीख विचारली होती. त्याने मला विचारले, "तुम्ही मुंबईला असता, पेपरात लिहिता. काय करू, काढू का ठेवू?" मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ जाळीतून आत पाहत राहिला, मग बायकोला हाक मारून म्हणाला, उद्या पहाटे एक कप्पा भरायला गडी सांग. दुसरा राहू दे.